काइटसर्फिंगसाठी बॉयन्सी व्हेस्ट: मोरजीच्या पाण्यात वापरलेल्या तीन प्रकारांचे परीक्षण

काइटसर्फिंग करताना, म्हणजे पायांखाली फळी (बोर्ड) आणि दोऱ्यांच्या टोकाला मोठा पतंग (काइट) घेऊन वाऱ्याच्या ओढीने पाण्यावरून सरकताना, पाण्यावर तरंगत ठेवणारे व्हेस्ट घालावे की नाही, हा प्रश्न गोव्यात मोरजी आणि आश्वेच्या किनाऱ्यावर दर हंगामात नव्याने निघतो. मुंबई-पुण्याहून शिकायला आलेली मंडळी तो विचारतात आणि त्यांना बहुधा एकच उत्तर मिळते: शिकत आहात तोवर घाला, बोर्डवर नीट उभे राहता आले की काढून टाका. हे सांगणारे बरेच जण उत्तम खेळाडू असतात आणि ज्या समुद्रात ते खेळले आहेत त्या समुद्रापुरते त्यांचे म्हणणे खरेही असते. मात्र आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उबदार पाण्याला ते लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का लागू पडत नाही हे सांगत मी वापरलेल्या तीन प्रकारच्या व्हेस्टचे परीक्षण येथे मांडत आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण या तिन्ही प्रकारांत अनेक कंपन्यांचा माल मिळतो, आणि खरेदी करणाऱ्याने पाहण्याजोगा फरक कंपनीच्या नावात नसून रचनेत आहे.

व्हेस्टच्या विरोधातला सर्वात वजनदार मुद्दा आधी घेतो. काइट स्वतःच तरंगतो, मग वेगळे साधन कशाला, असे म्हटले जाते. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरलेल्या कडेच्या काइटचे पेटंट नोंदवले, त्यामागचा हेतूच हा होता की पाण्यात पडलेला काइट बुडू नये आणि पाण्यातूनच पुन्हा उडवता यावा. आज आपण वापरतो ते बहुतेक काइट त्याच तत्त्वावर बनलेले असतात आणि १२ चौरस मीटरच्या काइटची हवाबंद कड एका माणसाला सहज आधार देते. परंतु हा आधार आपल्यापासून २० ते २४ मीटर लांब, दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला असतो. तिथपर्यंत पोहोचण्याआधीचा जो वेळ आहे, त्या वेळेत माणूस कशावर तरंगतो, हा खरा प्रश्न आहे.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर अंगावरच असते. ब्रिटनी किंवा उत्तर समुद्राच्या थंड पाण्यात उतरताना ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा, निओप्रीन या फेसाळ रबराचा, अंगाला घट्ट बसणारा वेटसूट घालावाच लागतो, आणि निओप्रीनमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असल्यामुळे तो सूट उबेबरोबर तरंगण्याचीही सोय करतो. फ्रान्समधला नियमही हे मान्य करतो: किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या पलीकडे जाणाऱ्या काइटसर्फरने तरंगण्याचे साधन अंगावर बाळगणे तिथे बंधनकारक आहे आणि त्यासाठी किमान ५० न्यूटनचे व्हेस्ट किंवा अंगाला तरंगवणारा वेटसूट यांपैकी काहीही चालते. म्हणजे व्हेस्ट न घातलेला फ्रेंच काइटसर्फर साधनाविना नसतो, त्याचे साधन फक्त वेगळ्या रूपात असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत समुद्राचे पाणी २८ ते ३० अंशांच्या घरात असते. त्यात वेटसूट घालणे शक्यच नाही, त्यामुळे सगळे जण लायक्राचा पातळ टी-शर्ट आणि अर्धी चड्डी एवढ्यावरच उतरतात. लायक्रा उन्हापासून वाचवतो, हार्नेसच्या, म्हणजे काइटची ओढ अंगावर घेणाऱ्या कमरेच्या रुंद पट्ट्याच्या, घासण्यापासून थोडाफार वाचवतो, पण पाण्यावर धरून ठेवण्याच्या कामी त्याचा काडीचाही उपयोग नाही. युरोपातल्या अनुभवी माणसाचा सल्ला आपण उचलतो तेव्हा त्या सल्ल्यामागचा वेटसूट मात्र तिकडेच राहून जातो.

आता ५० न्यूटन म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण दुकानात आणि भाड्याच्या सामानात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलो वजन वर उचलून धरण्याइतका जोर. ऐकायला हा आकडा फार कमी वाटतो, परंतु पाण्यात बुडालेल्या मानवी शरीराचे वजन जवळजवळ पाणीच पेलत असते आणि पाण्याबाहेर ठेवायचे असते ते मुख्यतः डोके, म्हणून शुद्धीवर असलेल्या आणि पोहता येणाऱ्या माणसाला तेवढा जोर पुरतो. तरंगण्याच्या साधनांचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२४०२ असे आहे आणि त्यात ५०, १००, १५० व २७५ अशा पातळ्या ठरवलेल्या आहेत. यांपैकी ५० ची पातळी मानकाच्या पाचव्या भागात येते, म्हणून लेबलवर आयएसओ १२४०२-५ असा क्रमांक छापलेला असतो. ही पातळी मदत जवळ असताना, स्वतः हातपाय हलवू शकणाऱ्या माणसासाठी आहे. बेशुद्ध माणसाचे तोंड वर वळवण्याची हमी ती देत नाही. ती अपेक्षा १०० आणि त्याहून वरच्या पातळीच्या जॅकेटकडून करायची असते, आणि त्यासाठी त्या जॅकेटला मानेमागे कॉलर व छातीवर जाड फोम द्यावा लागतो, जो काइटच्या हार्नेससह वापरता येत नाही. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली तर ५० न्यूटनचे व्हेस्ट आपल्याला उताणे करेल, या भरवशावर कोणीही राहू नये. त्या धोक्यासाठी हेल्मेट आणि सोबत खेळणारा माणूस हेच उपाय आहेत.

पहिला प्रकार म्हणजे कयाकसाठी बनवलेले ५० न्यूटनचे व्हेस्ट. हे भारतात सहज मिळते, दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि त्यावर मानकाचा शिक्का असतो. शिकाऊ माणसाला किनाऱ्यावर बहुधा हेच दिले जाते. तरंगण्याबाबत त्यात काहीही उणे नाही. कमरेच्या वर पाणी असलेल्या जागी मी पाय उचलून स्वस्थ राहिलो, पूर्ण श्वास सोडला, तरी हनुवटी पाण्याच्या वर होती. अडचण सुरू होते ती हार्नेस चढवल्यावर. या व्हेस्टचा फोम छातीवर आणि पोटावर जाड ठोकळ्यासारखा असतो, त्यामुळे हार्नेस त्याच्या वरून घट्ट बांधला तर तो निसरड्या कापडावरून सरकत बरगड्यांवर चढतो, आणि खालून बांधला तर व्हेस्टची खालची कड बारच्या (काइट वळवण्याच्या हातातल्या दांड्याच्या) खाली, नेमकी क्विक रिलीजच्या वर येऊन बसते. हे दुसरे मला अधिक धोकादायक वाटते. क्विक रिलीज म्हणजे चिकन लूप, म्हणजेच बारला हार्नेसशी जोडणारा फास, तत्काळ सोडून काइटची ताकद काढून टाकणारी कळ. ती न पाहता, घाबरलेल्या अवस्थेत, एका हाताने ढकलता आली पाहिजे. माझ्या हाताला तिथे आधी फोमची कड लागत होती आणि ती बाजूला सारल्यावरच कळ हातात येत होती. या अडथळ्याची किंमत कळायची तर जर्मनीतल्या एका अभ्यासाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३५ काइटसर्फरांच्या दुखापती एका हंगामभर नोंदवल्या गेल्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के दुखापतींचे कारण ताबा सुटल्यावर काइट हार्नेसपासून वेगळा करता आला नाही, हे होते. त्यानंतरच्या काळात क्विक रिलीजची रचना खूप सुधारली आहे, पण सुधारलेल्या कळीवर फोम येऊन बसत असेल तर त्या सुधारणेचा लाभ आपणच नाकारतो.

याच प्रकारातले एक जुने व्हेस्ट मला एका शाळेत भाड्याने मिळाले होते. त्याच्या बाजूचे पट्टे ताणून ताणून सैल झालेले होते. पाण्यात बसताच ते पूर्ण वर सरकले आणि कानांपाशी आले, त्यामुळे मान वळवून काइटकडे पाहणेही कठीण झाले. फोम तरंगत होता, मी मात्र त्याच्या खाली लोंबत होतो. तिथल्या प्रशिक्षकाला दाखवल्यावर त्याने दुसरे दिले, पण पहिले परत त्याच खुंटीवर गेले, आणि ही गोष्ट मला अजूनही खटकते. शिकायला येणाऱ्याला व्हेस्ट नीट बसले आहे की नाही हे तपासायचे कसे, तेच माहीत नसते. तपासणी अगदी सोपी आहे. व्हेस्टचे सगळे पट्टे आवळून झाल्यावर दुसऱ्या कोणाला तरी ते खांद्यांपाशी धरून जोरात वर ओढायला सांगावे. ते हनुवटीच्या वर जात असेल तर ते आपल्या मापाचे नाही, मग त्यावर कोणताही शिक्का असो.

दुसरा प्रकार इम्पॅक्ट व्हेस्टचा. किनाऱ्यावर अनुभवी खेळाडूंच्या अंगावर जे काळे, अंगाला चिकटून बसणारे, देखणे व्हेस्ट दिसते ते बहुधा हेच. बाहेरून निओप्रीन, आतून पातळ फोमचे तुकडे, हालचालीला कसलीही आडकाठी नाही आणि खालचा भाग हार्नेसखाली जावा म्हणून पातळ ठेवलेला. वापरण्याच्या सुखाच्या दृष्टीने तिन्ही प्रकारांत हे सर्वात उत्तम आहे, यात वाद नाही. उंच उडीनंतर पाण्यावर आडवे आदळलो तर बरगड्यांना बसणारा तडाखा ते बऱ्यापैकी शोषून घेते, आणि वर उल्लेख केलेल्या जर्मन अभ्यासात छातीच्या दुखापतींचा वाटा १३ टक्के होता, हे लक्षात घेतले तर हा लाभ मोलाचा ठरतो. पण बहुतेक इम्पॅक्ट व्हेस्टच्या आतल्या लेबलवर बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेले असते की हे तरंगण्याचे प्रमाणित साधन नाही. ते लेबल वाचणारे फार थोडे, आणि व्हेस्ट आहे म्हणजे तरंगणारच, असे मानणारे फार. ते अजिबात तरंगत नाही असेही नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने पाहिल्यावर छातीत श्वास भरलेला असेतो हनुवटी वर राहिली, पण श्वास सोडताच पाणी ओठांवर आले. ताजेतवाने असताना एवढा फरक पायांच्या दोन हालचालींनी भरून काढता येतो. दमलेल्या, खोकणाऱ्या, खारट पाणी गिळलेल्या माणसाला तो भरून काढता येईल, असे मी म्हणणार नाही. कोणी केवळ इम्पॅक्ट व्हेस्ट घालून मोरजीच्या खोल पाण्यात जात असेल तर त्याने स्वतःची गणना व्हेस्ट घालणाऱ्यांत करू नये.

तिसरा प्रकार खास काइटसाठी बनवलेल्या ५० न्यूटनच्या व्हेस्टचा, आणि माझी शिफारस यालाच आहे. यात आयएसओ १२४०२-५ चे प्रमाणपत्रही असते आणि हार्नेसचा विचारही केलेला असतो. फोमचा जाड भाग छातीच्या वरच्या अर्ध्यात आणि पाठीच्या वरच्या बाजूला एकवटलेला असतो, कमरेपाशी मात्र फक्त ताणले जाणारे निओप्रीन राहते, ज्यावर हार्नेस घट्ट बसतो. मी वापरतो त्या व्हेस्टला आतून रबरी ठिपक्यांची पट्टी आहे. ती ओल्या लायक्रावर पकड धरते आणि व्हेस्ट वर सरकू देत नाही. काही व्हेस्टना समोर एक छोटी पट्टी असते, जी हार्नेसच्या आडव्या दांड्याला अडकवता येते. ती सोय असलेले व्हेस्ट मिळाले तर तेच घ्यावे. क्विक रिलीज पूर्ण मोकळी राहते, खाली पाहिले की दिसते आणि हाताला थेट लागते. तरंगण्याच्या परीक्षेत ते कयाकच्या व्हेस्टच्या बरोबरीने उतरले. बरगड्यांचे संरक्षण इम्पॅक्ट व्हेस्टइतके खालपर्यंत मिळत नाही, कारण खालच्या बरगड्यांवर फोमच नसतो, परंतु तिथे हार्नेसची रुंद पाठ आणि बाजू येतात, त्यामुळे ही उणीव मला फारशी जाणवली नाही. युरोपात याची किंमत साधारण १०० ते १५० युरो पडते, भारतात मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळे. ही रक्कम लहान नाही, पण एका काइटच्या किमतीशी ताडून पाहिली तर ती टाळण्याजोगी वाटत नाही.

गॅसच्या नळकांडीने फुगणाऱ्या जॅकेटविषयी एकदोन वाक्येच पुरेत. पाण्याचा स्पर्श होताच आपोआप फुगणारे जॅकेट या खेळात पहिल्याच पडण्याला फुगेल. हाताने ओढून फुगवायचे, कमरेला बांधायचे पाकीट हार्नेसच्याच जागेवर येते, आणि फुगल्यावर छातीवर उभा राहणारा तो मोठा फुगा बार आणि दोऱ्या हाताळूच देत नाही. काइटसाठी हा प्रकार विचारात घेण्याचे कारण नाही.

व्हेस्टची खरी परीक्षा मात्र स्वस्थ उभे राहून होत नाही. मोरजीला खारे वारे दुपारनंतर वायव्येकडून जोर धरतात आणि सूर्य कलू लागला की उतरतात. कधी हळूहळू उतरतात, कधी पाहता पाहता पडतात. एका एप्रिलमध्ये ओहोटी लागलेली असताना मोरजीजवळच्या शापोरा नदीच्या मुखासमोर माझ्या डोक्यावरचा वारा असाच पडला. काइट अलगद पाण्यावर बसला आणि पुन्हा उचलण्याइतका वाराच उरला नाही. ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी मुखातून समुद्राकडे वाहते आणि किनाऱ्याच्या वाळूपासून आपल्याला लांब नेते. अशा वेळी करायची कृती सर्वांना शिकवलेली असते: चिकन लूप सोडायचा, लीशच्या, म्हणजे लूप सोडल्यावरही काइटला आपल्याशी जोडून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, एकाच दोरीने बारपर्यंत स्वतःला ओढत जायचे, ती दोरी बारवर आधी काही वाव गुंडाळायची, म्हणजे अचानक वारा आला तरी काइट पुन्हा ताकद धरणार नाही, मग उरलेल्या सगळ्या दोऱ्या एकत्र गुंडाळत काइटपाशी पोहोचायचे, गाठ मारून बार बंद करायचा आणि काइटच्या कडेवर छाती टाकून किनाऱ्याकडे सरकायचे. कागदावर हे चार ओळींत संपते. पाण्यात या सगळ्या वेळात दोन्ही हात बारवर गुंतलेले असतात, त्यामुळे हातांनी पोहता येत नाही. बोर्ड कुठेतरी वाहत गेलेला असतो. हार्नेस कमरेला जड लागतो. दोरीचा प्रत्येक वेढा घेताना खांदे पुढे झुकतात आणि तोंड पाण्याकडे जाते. डोके वर ठेवण्याचे संपूर्ण काम एकट्या पायांवर येते, आणि पाय तर तासाभराच्या खेळाने आधीच थकलेले असतात.

त्या संध्याकाळी पाय चालवणे मी मध्येच थांबवले, मुद्दाम, व्हेस्ट काय करते ते पाहावे म्हणून. लाट येऊन गेली, गळ्यापर्यंत भिजवून गेली, तोंड वरच राहिले. मी दोरीकडे पाहत गुंडाळत राहिलो. घाईने गुंडाळलेली दोरी बोटांभोवती किंवा मनगटाभोवती अडकणे हा या कृतीतला सर्वात मोठा धोका आहे, कारण तेवढ्यात काइटमध्ये वारा भरला तर ती दोरी कापत जाते. व्हेस्टने मला जे दिले ते घाई न करण्याची मुभा. तरंगण्याची चिंता नसलेला माणूस दोरी पाहून गुंडाळतो आणि बुडण्याची भीती असलेला माणूस मिळेल तशी ओढतो, हा फरक मी इतरांच्या बाबतीतही किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. व्हेस्ट घालावे या मताकडे मी ज्या कारणांनी आलो, त्यांत हे सर्वात मोठे कारण आहे.

विरोधातले इतर मुद्दे निराधार नाहीत आणि त्यांची नोंद प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. लाटांवर खेळणाऱ्यांचे म्हणणे असे की फुटणाऱ्या मोठ्या लाटेखालून बुडी मारून निसटावे लागते आणि व्हेस्ट ते करू देत नाही. हे पूर्णपणे खरे आहे. ५० न्यूटनचे व्हेस्ट घातलेला माणूस लाटेखाली जाऊ शकत नाही, लाट त्याला उचलून पुढे फेकते. ज्या ठिकाणी उंच आणि जोरदार लाटा फुटतात तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याने व्हेस्टशिवाय जाण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण मोरजीचा हंगाम पावसाळ्याआधी संपतो आणि हंगामातल्या त्या महिन्यांत तिथल्या लाटा बहुधा लहान असतात, तेव्हा हे कारण इथे पुढे करण्यात अर्थ नाही. दुसरा मुद्दा सुटलेला बोर्ड परत मिळवण्याचा. त्यासाठी काइट एका हाताने धरून दुसरा हात पाण्यात पुढे ताठ करून अंगाच्या कडेने, वारा जिकडून येतो त्या दिशेला तिरके वर चढावे लागते. व्हेस्टमुळे अंग पाण्यात जरा वर राहते, त्यामुळे कड कमी धरली जाते आणि त्याच बोर्डपर्यंत पोहोचायला एखाददुसरी फेरी जास्त घ्यावी लागते. ही गैरसोय मला प्रत्येक वेळी जाणवते आणि मी ती स्वीकारलेली आहे.

उकाड्याचा मुद्दा मात्र मी अधिक गांभीर्याने घेतो. मे महिन्यात काळ्या निओप्रीनचे व्हेस्ट घालून, वाऱ्याची वाट पाहत वाळूवर उभे राहणे अंगाची लाही करते आणि पाण्यात उतरण्याआधीच माणूस दमून जातो. यावर उपाय एवढाच की व्हेस्ट शेवटी चढवावे: काइट फुगवून, दोऱ्या जोडून, तपासून झाल्यावर, आणि चढवण्याआधी ते पाण्यात भिजवून घ्यावे. बिनबाह्यांचे आणि बगलेपाशी खोल कापलेले व्हेस्ट निवडले तर त्रास पुष्कळ कमी होतो. पाणी भरपूर प्यावे, हे वेगळे सांगायला नको.

जागेनुसार उत्तर बदलते, हेही मान्य केले पाहिजे. रामेश्वरमला पाल्कच्या उपसागराच्या बाजूला जे उथळ, सपाट पाणी आहे, तिथे बऱ्याच अंतरापर्यंत माणूस उभा राहू शकतो. श्रीलंकेतल्या कल्पिटियाच्या खाजणातही अशा उथळ जागा आहेत. तिथे बुडण्यापेक्षा उथळ पाण्यात आदळण्याची भीती मोठी असते, म्हणून उड्यांचा सराव करणाऱ्याने तिथे इम्पॅक्ट व्हेस्ट आणि हेल्मेट घातले तर ते योग्यच आहे. पण त्याच रामेश्वरमला मन्नारच्या आखाताच्या बाजूने खुल्या समुद्रात लांबची फेरी मारायची असेल तर पुन्हा ५० न्यूटनचेच व्हेस्ट हवे. ज्याला एकच घेणे परवडते त्याने खोल पाण्याचा विचार करून घ्यावे. उथळ पाण्यात ते थोडे अवजड वाटेल इतकेच, पण इम्पॅक्ट व्हेस्टने खोल पाण्याचे काम कधीच निभावत नाही.

खरेदी करताना लेबलवर सीई ही युरोपातल्या मान्यतेची दोन अक्षरे पाहून समाधान मानू नये, कारण ती अनेक प्रकारच्या वस्तूंवर असतात. १२४०२-५ हा आकडा शोधावा आणि त्याच्या शेजारी दिलेला वजनाचा तक्ता वाचावा. मानकात लागणारा जोर माणसाच्या वजनानुसार बदलतो आणि पूर्ण ५० न्यूटनची अट ७० किलोवरच्या माणसासाठी असते. हलक्या वजनाच्या व्यक्तीसाठी बनवलेले लहान मापाचे व्हेस्ट जड माणसाने ओढूनताणून चढवले तर त्याला तेवढा आधार मिळणार नाही. माप हार्नेस सोबत नेऊन, दोन्ही एकत्र घालूनच ठरवावे. घरी आरशासमोर चढवून पाहण्यापेक्षा दुकानात जमिनीवर बसून, गुडघे पोटाशी घेऊन पाहावे, कारण पाण्यातून बोर्डवर उठताना शरीर त्याच आकारात असते आणि लांब व्हेस्ट त्याच वेळी गळ्याशी येते.

रंगाबाबत माझी उत्पादकांवर नाराजी आहे. काइटसाठीची बहुतेक व्हेस्ट काळी, राखाडी किंवा गडद निळी असतात. काइट रंगीत असतो, त्यामुळे आपण दिसू, हे गृहीत धरणे चूक आहे, कारण शोध घेण्याची वेळ येते तेव्हा काइट अनेकदा गुंडाळलेला किंवा माणसापासून सुटून गेलेला असतो. उन्हं उतरल्यावर करड्या पाण्यात काळ्या व्हेस्टमधला माणूस शंभर मीटरवरूनही दिसत नाही. नारिंगी किंवा पिवळ्या रंगाचे व्हेस्ट मिळत असेल तर दोनशे-पाचशे रुपये जास्त देऊन तेच घ्यावे, नसेल तर वर भडक रंगाचा लायक्रा घालावा. व्हेस्टला शिट्टी बांधलेली असावी आणि दोरी कापायचा आकड्याचा चाकू हाताला लागेल अशा जागी असावा. तो हार्नेसला असेल तर व्हेस्टच्या खाली दडपला जात नाही ना, हे पाहून घ्यावे.

शाळा चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. शिकाऊ माणसाला व्हेस्ट देताना ते तात्पुरते आहे, चांगले शिकलात की लागणार नाही, असे सांगू नये. पहिल्या दिवशी ऐकलेले वाक्य माणूस वर्षानुवर्षे खरे मानतो, आणि खोल पाण्यात लांबवर जाण्याची, वारा पडल्यावर ओहोटीत सापडण्याची वेळ शिकाऊंवर येतच नाही. ते किनाऱ्यालगत, प्रशिक्षकाच्या नजरेखाली असतात. ती वेळ येते ती शिकून तयार झालेल्यांवर, म्हणजे नेमक्या त्यांच्यावर, ज्यांनी व्हेस्ट घरी ठेवायला सुरुवात केलेली असते.

व्हेस्टची निगा सोपी आहे. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत, जाड हँगरवर वाळवावे. झिपच्या दातांत अडकलेले मीठ जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढावे, नाहीतर दुसऱ्या हंगामात झिप अडते. त्यावर बसू नये आणि गाडीत त्यावर काइटच्या बॅगा रचू नयेत, कारण फोम दाबला गेला की त्यातली हवा कायमची कमी होते आणि बाहेरून तसे काहीही दिसत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तेच व्हेस्ट घालून, हार्नेससह, पोहण्याच्या तलावात खोल बाजूला उतरावे, हात अंगाशी धरून पूर्ण श्वास सोडावा आणि पाणी कुठे लागते ते पाहावे. तलावाचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडे कमीच उचलते, तेव्हा तिथे हनुवटी कोरडी राहिली तर व्हेस्ट आणखी एक हंगाम वापरायला हरकत नाही. पाणी ओठांवर आले, तर ते भाड्याने किंवा कोणाला जुने म्हणूनही न देता, फोम कापून टाकून द्यावे.